खरेदीतला जास्तीचा पैसा गरिबाच्या हातात पोचतो का? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

माझे मामा यवतमाळ जिल्ह्यातले, घरचा कापूस. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलं की अर्धं घर कापसाने भरलेलं असायचं, आम्ही पोरं त्यावर लोळायचो आणि मामी ओरडायची, अंगाला खाज सुटेल म्हणून. तो कापूस विकून आलेला पैसा कृषी केंद्राच्या उधारीत जायचा आणि जूनमधे परत कर्ज. पुण्यात नोकरी लागल्यावर मॉलमधे ५९९ चा टी-शर्ट घेताना मला मामा कधी आठवले नाहीत. आठवले ते २०१३ मधे. २४ एप्रिलला बांगलादेशात ढाक्याजवळ सावर या गावी राना प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, ११०० वर माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारी, त्यातही बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. ते कपडे माझ्यासारखीच्याच कपाटात जायचे होते.

मग मी एक हिशोब मांडला, तो आधी तुम्हीही बघा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका साध्या टी-शर्टला सूत काढतानाची घट धरून साधारण २०० ग्रॅम रुई लागते. १०० किलो कापसातून रुई निघते ३३-३५ किलो, बाकी सरकी. म्हणजे टी-शर्टमागे ६०० ग्रॅम कापूस. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, तर ६०० ग्रॅमचे झाले ४५ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर, गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला दिला तर त्याहून कमी. आता शेतकऱ्याला १० टक्के जास्त द्यायचे ठरवले तर टी-शर्ट किती महाग होईल? साडेचार रुपये. मी तर साध्या आणि 'ऑरगॅनिक कलेक्शन'च्या टी-शर्टमधे ६०० रुपयांचा फरक मोजत होते आणि समजत होते की मी मामांसारख्या कुणाला तरी मदत करतेय.

म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट डोक्यात ठेवा. किंमत जास्त आहे म्हणजे गरिबाला जास्त मिळालं असं नसतं. वरचा पैसा कोणाच्या हातात पडतो आणि पुढच्या वर्षी परत त्याच हातात पडतो का, हे दोन प्रश्न. मी चार वर्षं हे करतेय, बऱ्याच चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी हे जवळ ठेवा

- गेल्या ३ महिन्यांची किराणा बिलं आणि ऑनलाइन ऑर्डरची हिस्ट्री
- एक वही, साधी
- क्यूआर कोड स्कॅन होणारा आणि कॅमेरा बऱ्यापैकी झूम होणारा फोन
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फसवणूक झाली तर
- महिन्याची एक ठराविक रक्कम, १०० रुपये का असेना, फक्त या फरकासाठी
- पक्कं बिल मागायची सवय, कारण बिल नसेल तर पुढे काहीच करता येत नाही

१. आपला पैसा कुठे जातो ते आधी लिहून काढा

बिलं घेऊन बसा आणि ज्या वस्तू वारंवार येतात त्यांना खूण करा. माझ्याकडे चहा, साखर, कॉफी, मुलांचं चॉकलेट, सुती कपडे आणि चादरी, वर्षाला एखादी साडी, चपला असं निघालं. लोक सुरुवात करतात ती दिवाळीला एखादी महागडी हाताने केलेली वस्तू घेऊन, आणि मग वर्षभर काही नाही. विणकर किंवा शेतकऱ्याला वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या मनाच्या गिऱ्हाइकापेक्षा दर महिन्याला येणारं साधं गिऱ्हाईक जास्त उपयोगाचं असतं, कारण त्याच्या भरवशावर तो सूत घेतो, मजूर लावतो, मुलीची फी भरतो.

२. फक्त तीन गोष्टी निवडा

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, दोन महिन्यांत थकाल. निवडताना बघा की ती वस्तू बनवणारा खरंच गरीब आहे का, तो आणि तुम्ही यांच्यात खूप हात आहेत का, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा काही विश्वासू रस्ता आहे का, म्हणजे लेबल, सहकारी संस्था किंवा थेट ओळख. तिन्हीला हो असेल तर घ्या. मी सुरुवात केली कॉफी, सुती कपडे आणि चपलेपासून.

३. लेबल वाचायला शिका, इथे घाई नको

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एकेक बघू.

फेअरट्रेड, एकत्र शब्द, काळ्या चौकोनात निळा-हिरवा शिक्का. याची सुरुवात १९८८ मधे नेदरलँड्समधे झाली, मॅक्स हावेलार नावाच्या लेबलखाली, पहिला माल होता मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांची कॉफी. यात दोन गोष्टी असतात. एक, किमान भाव. अरेबिका कॉफीला २०११ पासून पौंडाला १ डॉलर ४० सेंट होता, ऑगस्ट २०२३ पासून १ डॉलर ८० सेंट केला. २०१९ मधे जागतिक बाजारात कॉफी १ डॉलरच्याही खाली गेली होती, तेव्हा या शेतकऱ्यांचा फेअरट्रेडमधे विकलेला माल १ डॉलर ४० च्या खाली जाऊ शकत नव्हता. बाजार चढला की मात्र किमान भावाचा फरक पडत नाही, तेव्हा बाजारभावच मिळतो. दुसरी गोष्ट प्रीमियम, कॉफीला पौंडाला २० सेंट, तो भाव सोडून वेगळा येतो आणि त्याचं काय करायचं ते शेतकऱ्यांची संस्था सभेत ठरवते, विहीर, शाळेची खोली, सुकवायचा ओटा, काहीही. हे मला फार आवडलं कारण पैसा कुठे खर्च करायचा हे गिऱ्हाईक ठरवत नाही.

पण त्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. शेतकरी सगळाच माल त्या अटीवर विकू शकत नाही, तेवढी मागणीच नसते, उरलेला साध्या बाजारात जातो. आणि शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणजे त्याच्याकडच्या मजुराला मिळाला असं होत नाही. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडात कॉफी, चहा, फुलांच्या भागांत काम करून २०१४ मधे अहवाल दिला, त्यात मजुरी करणाऱ्यांना फेअरट्रेडच्या भागात इतरांपेक्षा चांगली मजुरी मिळत नव्हती असं आढळलं. फेअरट्रेडवाल्यांनी त्यावर आक्षेप घेतले, वाद झाला, पण प्रश्न खरा आहे. मामांकडे वेचणीला येणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळते, कापसाचा भाव वाढला म्हणून ती आपोआप वाढलेली मी पाहिलेली नाही. तरी मी लेबल सोडलेलं नाही, फक्त ते कोणासाठी आहे हे समजून घेते.

शिक्क्याशेजारी छोटा बाण दिसला तर पाकीट उलटं करून वाचा, घटकांबद्दलचा तपशील मागे असतो. पांढऱ्या शिक्क्यावर एकाच वस्तूचं नाव असेल, समजा कोको, तर फक्त तोच घटक तसा घेतलाय, बाकीचे नाही. चॉकलेटमधे हे बघाच, कारण जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथे कोकोच्या कामात साधारण १५ लाख ६० हजार मुलं आहेत असा अंदाज शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेने २०२० मधे दिला होता.

गॉट्स, हिरवा गोल शिक्का, आत पांढरा शर्ट. कापडासाठी आहे. सेंद्रिय धागा किमान ७० टक्के आणि गिरणीपासून शिलाईपर्यंत कामगारांचे काही नियम. त्याच्याखाली तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असायलाच हवा, तो नंबर गॉट्सच्या साइटवर टाकून बघा. नुसता हिरवा गोल छापला असेल आणि नंबर नसेल तर ठेवून द्या. सूतगिरणीचा भाग मला महत्त्वाचा वाटतो कारण तमिळनाडूतल्या काही गिरण्यांमधे सुमंगली योजना म्हणून जे चालायचं, गरीब घरातल्या मुलींना हॉस्टेलमधे ठेवून तीन-तीन वर्षं कमी पैशात राबवायचं आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ म्हणायचं, ते कपड्याच्या कुठल्याच टॅगवर दिसत नाही.

गुडवीव्ह, गालिच्यांसाठी. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मधे रगमार्क म्हणून सुरू झालं, २००९ मधे नाव बदललं. न सांगता तपासणी करतात, प्रत्येक गालिच्याला नंबर असतो.

हँडलूम मार्क, केंद्र सरकारचा, २००६ पासून. कापड हातमागावर विणलंय एवढं सांगतो.

आता जी लेबलं लोक चुकीची समजतात ती. सिल्क मार्क म्हणजे रेशीम अस्सल आहे, विणकराला काय मिळालं त्याचा संबंध नाही. ओको-टेक्स म्हणजे कापडात घातक रसायनं नाहीत, ती तुमच्या त्वचेची काळजी. जैविक भारत म्हणजे अन्न सेंद्रिय आहे. बेडकाचं चित्र असलेलं रेनफॉरेस्ट अलायन्सचं लेबल चांगलं काम करतं पण त्यात फेअरट्रेडसारखा ठरलेला किमान भाव नसतो. आणि 'हँडक्राफ्टेड', 'कॉन्शस', 'आर्टिसनल', 'विथ लव्ह' हे शब्द कुणीही छापू शकतं. पर्यावरणाच्या मोघम दाव्यांवर २०२४ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक नियम आणले, मजुरीच्या दाव्यांसाठी मात्र तुम्हालाच विचारावं लागतं.

एक सांगते, आपल्याकडे फेअरट्रेडचा माल दुकानात पटकन दिसत नाही. आपला चहा, कॉफी, कापूस त्या शिक्क्याने बाहेर जातो आणि आपल्याला ऑनलाइन शोधावा लागतो. सुती कपड्यात शोधताना चेतना ऑरगॅनिकचं नाव दिसलं तर थांबा, ती विदर्भ, तेलंगणा, ओडिशातल्या छोट्या कापूस शेतकऱ्यांबरोबर काम करते. मी तिथूनच सुरुवात केली, मामांमुळे.

४. लेबल नसेल तिथे चार प्रश्न विचारा

हे कोणी केलं, कुठल्या गावात? त्यांना नगावर पैसे मिळतात की रोजावर, किती? ऑर्डर देताना उचल देता का, बाकीचे किती दिवसांत? संस्थेचा मालक कोण, नफा कोणाला?

खरं काम करणारा दुकानदार या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुर्ची पुढे करतो आणि सांगत बसतो, मला कितीदा असा अनुभव आलाय. जो म्हणतो 'मॅडम सगळं व्हिलेजमधून येतं' आणि गावाचं नाव सांगत नाही तिथून मी निघते.

माझी पैठणीची गोष्ट सांगते. बहिणीच्या लग्नाला १४ हजारांची 'हातमागाची येवला पैठणी' घेतली, एका नावाजलेल्या दुकानातून. सिल्क मार्क होता, क्यूआर स्कॅन केला, बरोबर आला, मी खूश. सहा महिन्यांनी येवल्याला गेले तेव्हा एका विणकर काकांनी पदर उलटा केला आणि काहीच बोलले नाहीत. मागे सगळीकडे कापलेले धागे. हातमागावर जुन्या पद्धतीने विणलेल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मोर मागूनही मोरच असतो. माझी यंत्रमागावरची होती. रेशीम खरं होतं, विणकर खोटा होता. १४ हजारांतला एक रुपया हातमागावर गेला नव्हता. तेव्हा पदर उलटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, बिलावर 'हातमाग' शब्द लिहून घ्या, आणि हँडलूम मार्क आहे का विचारा. हे का महत्त्वाचं ते आकड्यांत बघा, २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर विणकर आणि जोडकामगार होते, बहुतेक बायका, आणि जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिन्याला ५ हजारांच्या आत होतं. यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून खपवलं की फटका थेट या घरांना बसतो.

कोल्हापुरीचंही तसंच. २०१९ मधे तिला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून २०२५ मधे प्राडा या महागड्या इटालियन ब्रँडने मिलानच्या शोमधे तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे संतापलो, बरोबरच होतं, पण त्याच आठवड्यात रस्त्यावरून २५० रुपयांची रेक्झिनची 'कोल्हापुरी' घेणारेही आपणच. अस्सल चपलेला चामडं कमावण्यापासून वेणी विणेपर्यंत किती हात लागतात, वेणी बहुतेक घरातल्या बायका करतात आणि त्यांची मजुरी कुणी वेगळी धरत नाही. कारागिराकडे गेलात तर मुद्दाम विचारा, वेणी कोणी केली, तिला नगाचे किती.

चौथा प्रश्न, मालकीचा, लोक विसरतात. १९५९ मधे गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पापड लाटणाऱ्या बहिणीच तिथे सभासद आणि मालक, नफ्यात वाटा त्यांचा. पाकिटावर परदेशी शिक्का नाही आणि पापड महागही नाही. घराजवळच्या किराणा दुकानात अशी वस्तू मिळत असेल तर ती घेणं ही नैतिक खरेदीच आहे, त्यासाठी वेगळं बजेट लागत नाही.

५. थेट घ्या, पण त्यांच्या सोयीने

मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, जिल्ह्याजिल्ह्यातली बचत गटांची प्रदर्शनं, इथे बनवणारी बाई समोर भेटते. तिथे काय करू नये ते आधी. २२० ची वस्तू २०० ला मागू नका, ती वीस रुपये सोडेल कारण तिला स्टॉल रिकामा करून रात्रीची एसटी पकडायचीय. फोटो काढून 'अशीच स्वस्तात करून दे' म्हणून दुसरीकडे दाखवू नका. ऑनलाइन मागवलं असेल तर कॅश ऑन डिलिव्हरी टाळा, आवडलं नाही म्हणून परत पाठवलं की जाण्यायेण्याचा खर्च बऱ्याचदा त्या छोट्या गटाच्याच माथी येतो.

काय करावं? नंबर घ्या आणि खरंच परत फोन करा. आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्रत्येक घरी ५०-६० वाणं लागतात, सगळ्या मिळून प्लास्टिकचे डबे आणायच्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ जणींनी मिळून भोरकडच्या एका बचत गटाला कापडी पिशव्यांची ऑर्डर दिली. पहिल्या वर्षी आम्ही डिसेंबरच्या शेवटी फोन केला, त्या बिचाऱ्यांनी रात्र रात्र जागून शिवल्या, शिलाई काही ठिकाणी उसवली आणि दोघीतिघींनी कुरकुर केली. चूक आमची होती. आता ऑक्टोबरमधे ऑर्डर देतो, अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे माल हातात आल्याच्या दिवशी यूपीआयने. आगाऊ पैसे दिले नाहीत तर कापड त्या व्याजाने पैसे काढून आणतात, म्हणजे आपली मदत सावकाराच्या घरी.

गणपती मंडळाचे टी-शर्ट, ऑफिसच्या दिवाळी भेटी, शाळेचं गॅदरिंग, हे सगळं गठ्ठ्याने होतं आणि तिथे कुणी एकाने जरी विषय काढला तरी एका माणसाच्या वर्षभराच्या खरेदीपेक्षा जास्त फरक पडतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना तर हे आणखी सोपं आहे, युरोपात फेअरट्रेडची कॉफी, चहा, केळी, साखर साध्या सुपरमार्केटमधे असते, कार्यक्रमाचा चहा तेवढा त्या पाकिटातला करा.

६. पैसे कुठून आणायचे

कमी घेऊन. आधी वर्षाला बारा कुडते घ्यायचे, आता चार, तेवढ्याच पैशात. मुद्दाम सांगते, कपाटातले जुने कपडे टाकून 'नैतिक' कपडे आणू नका, जो शर्ट आहे तो विरेपर्यंत घाला, बटण लावा, रफू करून घ्या, मग गोधडीला द्या. आणि ज्याच्या घरात महिन्याचं गणित आधीच ओढाताणीचं आहे त्याने या विषयात स्वतःला अपराधी समजू नये. हे ओझं ज्यांच्या हाताशी चार पैसे जास्त आहेत त्यांनी उचलायचं आहे.

७. बहिष्कार टाकण्याआधी थांबा

बालमजुरीची बातमी वाचली की पहिला विचार येतो तो माल बंद करण्याचा. मलाही आला होता. १९९३ च्या सुमाराला अमेरिकेत बालमजुरीच्या मालावर बंदी आणायचं विधेयक आलं आणि बांगलादेशातल्या कारखानदारांनी घाबरून मुलांना काढून टाकलं, युनिसेफच्या अंदाजाने ५० हजारांच्या आसपास. ती मुलं शाळेत गेली नाहीत, बरीचशी खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांकडे वळली. १९९५ मधे कारखानदारांची संघटना, आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला, त्यात मुलांसाठी शाळा आणि थोडा भत्ता ठरला, तेव्हा मार्ग निघाला.

म्हणून आधी विचारा, कामगारांच्या संघटनेने बहिष्काराची मागणी केलीय का? केली असेल तर जरूर साथ द्या. नसेल तर माल घेत राहून कंपनीला प्रश्न विचारणं जास्त कामाचं. राना प्लाझानंतर गिऱ्हाइकांचा आणि युनियनचा एवढा दबाव आला की मे २०१३ मधे कायद्याने बांधून घेणारा आग आणि इमारत सुरक्षेचा करार झाला, २०० वर ब्रँड त्यात आले, कारखाने तपासले गेले. तिथलं महिन्याचं किमान वेतनही त्याच डिसेंबरात ३००० टका (बांगलादेशचं चलन) वरून ५३०० वर गेलं, २०२३ च्या शेवटी १२,५०० झालं. अजून कमीच आहे, पण ओरडल्यामुळे हललं.

८. साखरेसारख्या वस्तूंचं काय

माझ्या यादीतली साखर अजून सुटलेली नाही. आपल्या दुकानातल्या साखरेच्या पोत्यावर ऊस कोणी तोडला ते सांगणारं काहीच नसतं. बीडकडून दरवर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड, पोरं कोपीत म्हणजे तळावरच्या झोपडीत किंवा उसाच्या फडात. २०१९ मधे तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय विधिमंडळात गाजला, खाडा झाला तर पैसे कापतात म्हणून बायका पाळीच नको म्हणायला लागल्या होत्या. हे वाचल्यावर मला चहात साखर घालवेना, पण मी साखर सोडली म्हणून त्या बाईच्या फडात पाण्याचा टँकर येत नाही.

इथे खरेदीचा रस्ता बंद आहे, दुसरा उघडा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती वाचकांच्या घरी सहकारी कारखान्याचा शेअर आहे! वडिलांच्या, आजोबांच्या नावावर असेल. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते, त्याच्या आधी लेखी प्रश्न द्या, की आपल्या कारखान्याच्या तोडणी मजुरांच्या तळावर संडास, पिण्याचं पाणी, दिवा आहे का, मजुरांची नोंद ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे झालीय का, मुलांची शाळेची सोय काय. सभासदाचा लेखी प्रश्न इतिवृत्तात येतो. माझ्या सासऱ्यांनी गेल्या वर्षी दिला, पहिल्यांदा टाळाटाळ झाली, मग दोन तळांवर फिरते संडास आले. बाकीच्या तळांसाठी यंदा परत देणार आहेत.

चहाचंही अर्धंमुर्धं असंच. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली मळेमजुराची रोजची मजुरी ऑक्टोबर २०२३ मधे २५० रुपये झाली, वाढून एवढी. फेअरट्रेडचा किंवा छोट्या उत्पादकांच्या गटाचा चहा मिळाला तर घ्या, रोजच्या चहाला परवडत नसेल तर पाहुण्यांच्या डब्यापुरता घ्या.

९. वही ठेवा आणि कंपनीला लिहा

वहीत वस्तू, कोणाकडून घेतली, गाव, किंमत, परत घेतली का, एवढंच. सहा महिन्यांनी 'परत घेतली का' हा रकाना बघा, तिथे नाही नाही नाही असेल तर वस्तू बदला किंवा यादी छोटी करा.

आणि ज्या ब्रँडचे कपडे घालता त्यांना मेल करा. मी हा मजकूर पाठवते, तुम्ही तसाच उचला:

"मी तुमची नेहमीची गिऱ्हाईक आहे. सोबत गेल्या वर्षभराच्या खरेदीची बिलं जोडली आहेत. तुमचे कपडे कुठल्या कारखान्यांत शिवले जातात त्यांची नावं आणि गावं कळवाल का? तिथे शिलाई कामगाराला महिन्याला कमीत कमी किती पगार मिळतो? कामगारांची संघटना आहे का? कापूस कुठून घेता आणि शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा किती जास्त मिळतो?"

बिलं जोडायला विसरू नका, त्याशिवाय उत्तर येत नाही असा माझा अनुभव. मी आत्तापर्यंत ११ ब्रँडना पाठवलं. चौघांचं उत्तर आलं, त्यातले तीन नुसते गोड शब्द. एकाने मात्र तिरुपूरच्या कारखान्याचं नाव, पगाराचा आकडा आणि कापसाच्या शेतकरी गटाचं गाव असं सगळं दिलं. आमच्या घरचे बनियन आणि मुलांचे टी-शर्ट आता तिथूनच येतात, ५० रुपये जास्त पडतात, आणि मामांना मी त्या गटाचा फोन नंबर दिलाय, यंदा पेरणीच्या आधी ते बोलणार आहेत.